लॉनमोवरचं इंजिन वर-खाली होत असेल तर गव्हर्नरची स्प्रिंग ताणावी का?

तुमचा मोवर पटकन सुरू होतो, पण मोकळा चालताना आवाज सारखा चढतो-उतरतो आणि गवतात घातला की बरा चालतो. प्लग नवा टाकून फरक पडला नाही, आणि आता कुणीतरी गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचे फेरे आपोआप ठरावीक ठेवणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग ताणायला सांगतंय. ताणू का, असं विचारलंय.

नका ताणू. हा सल्ला मी इतक्यांदा खोडून काढलाय, तरी तो मरत नाही. गव्हर्नर नीट काम करतोय म्हणूनच तर आवाज असा वर-खाली होतोय. मोकळं चालताना थ्रॉटल (इंजिनात हवा-पेट्रोल किती जाईल ते ठरवणारी झडप) जवळजवळ मिटलेला असतो आणि पेट्रोल मुख्यतः पायलट जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या अगदी बारीक भोकाच्या तुकड्यातून, येतं. तो अर्धवट तुंबला की पेट्रोल कमी पडतं आणि फेरे उतरतात. गव्हर्नर लगेच थ्रॉटल उघडतो, मेन जेट (मोठ्या भोकाचा मुख्य जेट) पेट्रोल ओढू लागतो, इंजिन उसळी घेतं. मग गव्हर्नर थ्रॉटल मिटतो आणि पुन्हा उपासमार. गवतात लोड आला की थ्रॉटल उघडाच राहतो, मेन जेट पुरा पडतो. म्हणून तिथे तुमचं इंजिन सुधारल्यासारखं वाटतं.

खात्री करायला इंजिन गरम झाल्यावर चोक (आत येणारी हवा कमी करणारी झडप) हळूहळू अर्ध्यापर्यंत लावा. आवाज स्थिरावला तर हवा जास्त, पेट्रोल कम, हे नक्की. उलट काळा धूर येऊन इंजिन गुदमरायला लागलं तर दुखणं वेगळं आहे: एअर फिल्टर चोंदलाय, चोक पूर्ण उघडत नाहीये किंवा फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या तरंगत्या गोळ्याची) सुई पेट्रोल अडवत नाहीये.

कार्ब्युरेटर खोलण्याआधी टाकीचं झाकण किंचित सैल करून बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि काही मिनिटांनी पेट्रोल यायचं कमी होतं. मग थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं. व्हार्निशसारखा वास आला तर ते पेट्रोल शिळं झालंय, सगळं काढून टाका.

आता मूळ काम. प्लगची वायर काढून बाजूला करा, पेट्रोलचा कॉक बंद करा. कॉक नसेल तर नळी चिमट्याने दाबा. फ्लोट बाऊलचा, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा, खालचा बोल्ट, बहुतेक ठिकाणी १० मिमीचा, सोडवा. काही इंजिनांत हा बोल्ट म्हणजेच मेन जेट असतो. त्याच्या आट्यांजवळ आडवं बारीक भोक दिसेल, ते न बघता बोल्ट पुसून परत लावणारे खूप आहेत. बाऊलमध्ये पांढरी पूड किंवा हिरवट चिकटा दिसला तर आत जेटमध्येही तेच बसलंय. मेन जेट काढून त्याच्या वरची इमल्शन ट्यूब (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी भोकांची नळी) बाहेर घ्या आणि तिची बाजूची सगळी भोकं उजेडात धरून बघा.

खरा चोर मात्र पायलट जेट. होंडाच्या जीसीव्ही १६० सारख्या इंजिनांत तो आयडल स्क्रूखाली (मंद चालीचे फेरे लावायच्या स्क्रूखाली) दडलेला, ओ-रिंगवाला छोटा प्लॅस्टिकचा तुकडा असतो. स्क्रू काढताना तो किती फेरे फिरतो ते मोजून ठेवा, मग जेट सरळ वर ओढा. भोक केसाएवढं असतं. उजेडासमोर धरल्यावर गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अंधुक किंवा चंद्रकोरीसारखा दिसला तर जेट अजून तुंबलेलाच आहे. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार घालून मोकळा करा, मग कार्ब क्लीनर मारून हवेने फुंका. सुई किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं तर जेट कायमचा बिघडतो. जेट जिथे बसतो त्या वाटेतही क्लीनर मारा, दुसऱ्या टोकाने फवारा बाहेर यायला हवा. डोळ्यांवर चष्मा लावा, क्लीनर उलटून तोंडावर येतो.

एवढं करूनही आवाज हेलकावत असेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधलं गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी पातळ पट्टी) बदला. फाटलेल्या किंवा उलट्या बसवलेल्या गॅस्केटमधून फुकटची हवा आत जाते आणि लक्षणं हुबेहूब तुंबलेल्या जेटची दिसतात. जुन्या मशीनमध्ये थ्रॉटलचा शाफ्ट घासून खुळखुळीत झालेला असेल तर कार्ब्युरेटरच बदला, साफ करत बसण्यात अर्थ नाही.

स्प्रिंग ताणल्यावर फेरे वाढतात आणि इंजिन मेन जेटवर चालायला लागतं, म्हणून ‘बरं झालं’ असं वाटतं. पण पातं थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, असतं. अमेरिकेच्या एएनएसआय बी७१.१ या मोवर-सुरक्षेच्या मानकात पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फूट यापुढे जाऊ द्यायचा नाही असं आहे. २१ इंची पात्याला ही मर्यादा मिनिटाला सुमारे ३,४५० फेऱ्यांवर येते. त्यापुढे उडालेला खडा किंवा निखळलेला पात्याचा तुकडा किती जोरात जाईल, ते ताणायला सांगणारा सांगत नाही. कुणी आधीच ताणली असेल तर त्याच नंबरची नवी स्प्रिंग मूळ भोकात अडकवा आणि फेरे टॅकोमीटरवर बघून, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच लावा.

हे सगळं फ्लोटवाल्या फोर-स्ट्रोक इंजिनाबद्दल आहे. डायफ्रामवाल्या कार्ब्युरेटरला ही पद्धत लागू नाही. दगडावर आदळल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर आधी पात्याचा बोल्ट आणि फ्लायव्हीलची चावी (इंजिनाचं जड चाक शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी धातूची पट्टी) तपासा. चावी थोडी कातरली तरी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं, आणि मग जेट कितीही साफ केला तरी उपयोग नाही. मशीन आडवं करायचं झालं तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवा, नाहीतर फिल्टर ऑइलने भिजेल आणि नवीनच धूर सुरू होईल.