चहापासून सुरुवात करू नका

अमेरिकन क्रांती वाचायला घेताय तर एक सांगतो, बोस्टनच्या चहापासून (ब्रिटनच्या अमेरिकेतल्या वसाहतींमधल्या लोकांनी तिथल्या बंदरात जहाजांवरचा चहा पाण्यात फेकला, ती घटना) सुरुवात करू नका. मी तेच केलं आणि बरीच वर्षं ‘चहा महागला म्हणून लोक चिडले’ असं समजत राहिलो. खरं तर १७७३च्या कायद्याने चहा स्वस्तच होणार होता! राग होता दर पौंड वजनाच्या चहामागे ३ पेन्स जकातीवर. तो चहा घेणं म्हणजे लंडनच्या संसदेचा कर लावायचा हक्क मान्य करणं. त्यात ईस्ट इंडिया कंपनीला (हो, आपल्याकडचीच ती) थेट विक्रीची मुभा, म्हणजे तिथल्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय.

आधी १७६३ गाठा. फ्रान्सशी युद्ध संपलं होतं आणि ब्रिटनच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. ॲपलेशियन पर्वतापलीकडे वस्ती करायला राजाने बंदी घातली. तिकडच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेले हिरमुसले. मग १७६५चा मुद्रांक कायदा: वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, अगदी खेळायच्या पत्त्यांवरही कर. दुखावले कोण, तर वकील आणि छापखानेवाले, म्हणजे नेमके बोलणारे आणि छापणारेच! वर्षभरात तो रद्द झाला, पण वसाहतींसाठी कुठलाही कायदा करायचा आपला अधिकार संसदेने त्याच दिवशी जाहीर केला. त्या घोषणेचा मजकूर नीट वाचा, टाउनशेंड या ब्रिटिश अर्थमंत्र्याचे १७६७चे कर नंतर बघा.