‘पिंजरा’ला तमाशापट म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: जुन्या मराठी चित्रपटांची यादी करताना ‘जॉनर’च्या रकान्यात काय लिहायचं? ‘पिंजरा’ला कुणी तमाशापट म्हणतं, कुणी सामाजिक. बरोबर कोणतं? आणि मुळात ‘जॉनर’ला मराठी शब्द कोणता?

शेवटचा प्रश्न आधी उरकतो. ‘प्रकार’ पुरतो. साहित्यप्रकार, नाट्यप्रकार, तसा चित्रपटप्रकार. ‘धाटणी’ म्हटलं की मांडणीची ढब मनात येते आणि ‘जातकुळी’त थोडं कौतुक, नाहीतर थोडा टोमणा असतो. रकान्याच्या डोक्यावर दोन्ही शोभत नाहीत.

खरा घोळ पुढे आहे. आपल्याकडची प्रकारांची नावं एका मापाची नाहीतच. पौराणिक, ऐतिहासिक ही गोष्ट कोणत्या काळातली ते सांगतात. ग्रामीण म्हटलं की कुठली ते कळतं. ‘विनोदी’ प्रेक्षकाचं काय होणार ते सांगतो, आणि ‘तमाशापट’ एवढंच कबूल करतो की पडद्यावर तमाशाचा फड उभा राहणार. त्यामुळे एकाच चित्रपटाला यातली दोन-तीन नावं चिकटली तरी त्यांचं आपसांत भांडण होत नाही. भांडण होतं ते यादी करणाऱ्याचं, कारण त्याच्याकडे रकाना एकच असतो.

यातला सगळ्यात गैरसमज झालेला शब्द म्हणजे ‘सामाजिक’. आज तो ऐकला की हुंडा, व्यसन, शिक्षण, काहीतरी संदेश, असं वाटतं आणि अर्धे लोक तिकीट काढत नाहीत. जुना अर्थ बराच साधा होता. चित्रपटांच्या आधी तो नाटकांत रुळला. देवलांचं ‘संगीत शारदा’ (1899) सामाजिक, कारण त्यात देव नाहीत, राजे नाहीत, प्रेक्षकांच्याच काळातली माणसं आहेत. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ (1920) केला तो पौराणिक, ‘सिंहगड’ (1923) ऐतिहासिक, आणि ‘सावकारी पाश’ (1925) सामाजिक. देव-दानव गेले, मावळे गेले, उरला कर्जात बुडालेला शेतकरी. म्हणजे सामाजिक हा उरलेल्यांचा डबा होता म्हणा ना. पण डबा भरला मात्र झकास. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ (1937) बघा. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या तरुण मुलीचा ‘शारदे’तलाच विषय, पण इथली नीरा लग्न लागल्यावरही नवऱ्याला नवरा मानत नाही. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यात वेगळं पार्श्वसंगीत वापरलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात. आपल्याच काळातलं घर म्हणजे काय, हे त्या आवाजांतून जितकं कळतं तितकं संवादांतूनही कळत नाही, असं माझं मत.

या जुन्या अर्थाने ‘पिंजरा’ (1972) निःसंशय सामाजिक आहे. मग तमाशापट आहे का?

माझी कसोटी अशी: गोष्टीतून फड काढून घ्या आणि काय उरतं ते बघा. ‘पिंजरा’चं कथाबीज ‘द ब्लू एंजल’ (1930) या जर्मन चित्रपटातलं. तिथे तमाशा नाही. शिस्तीचा एक मास्तर आणि रात्रीच्या गुत्त्यातली गायिका आहे. गोष्ट तिथेही उभी राहते आणि त्या चित्रपटाला कुणी गुत्तापट म्हणत नाही. ‘पिंजरा’चा सगळ्यात जहरी भाग तर फडाच्या पार बाहेर आहे. इथला मास्तर तमाशातल्या बाईपायी गाव सोडतो, तो मेला असं समजून गाव त्याचा पुतळा उभारतं, आणि जिवंत मास्तर त्याच मास्तरच्या खुनाच्या आरोपाखाली सापडतो. खेबूडकरांची गाणी आणि राम कदमांची ढोलकी कानात इतकी बसली आहे की ही शोकांतिका आपण लावण्यांच्या खात्यावर मांडून टाकतो.

उलट ‘नटरंग’ (2010) घ्या. पैलवानी अंगाचा गुणा फड चालावा म्हणून नाच्या, म्हणजे तमाशातला बायकी हावभावांचा पुरुष, होतो. फड काढला तर हातात काहीच राहत नाही. ‘सांगत्ये ऐका’च्या (1959) तर नावातच फडावरून श्रोत्यांना घातलेली साद आहे. तेव्हा काहींना हे पटणार नाही, पण माझ्या लेखी ‘नटरंग’ पक्का तमाशापट आणि ‘पिंजरा’ तमाशातून गेलेला सामाजिक.

संतपटांचंही असंच. ‘संत तुकाराम’ (1936) संतपट खराच, पण त्यातली जिजाई बघा. आजारी पोराला घेऊन देवळात जाते आणि विठोबावर वहाण उगारते. तिचा संसार, तिची चूल, तिचं करवादणं अस्सल सामाजिक. बालगंधर्वांचा ‘धर्मात्मा’ (1935) एकनाथांचा म्हणून संतपट, पण आधीचं ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरला खपलं नाही, ते बदलावं लागलं. सरकारला त्यात राजकारण दिसलं. त्यांचा रकाना वेगळा होता.

आणि ‘सामना’ (1974)? ग्रामीण, राजकीय, काहीही म्हणा. मी त्याला मनातल्या मनात रहस्यपटच म्हणतो. मारुती कांबळेचं काय झालं, या एका प्रश्नावर सगळा चित्रपट चालतो. फक्त गुन्हेगार कोण याची प्रेक्षकाला पहिल्यापासून कुणकुण असते. तरीही उत्सुकता टिकते, ही पटकथाकार विजय तेंडुलकरांची करामत.

जाता जाता ‘पट’बद्दल. पट म्हणजे कापड. चित्रपट, मूकपट, बोलपट इथून हा प्रत्यय रुळला. नामाला तो सहज चिकटतो: संतपट, भयपट, युद्धपट, चरित्रपट. मूक, लघु अशा छोट्या विशेषणांनाही चालतो. ‘-इक’वाल्या लांब विशेषणांना मात्र कानाला खटकतो, म्हणून ‘सामाजिकपट’ लिहू नका, सरळ ‘सामाजिक’ लिहा. ‘विनोदीपट’ही नको. यादीत जमलं तर दोन रकाने करा, एक काळ-ठिकाणाचा आणि एक गोष्टीच्या स्वभावाचा. ‘पिंजरा’पुढे पहिल्यात ‘सामाजिक, तमाशाची पार्श्वभूमी’ आणि दुसऱ्यात ‘शोकांतिका’. रकाना एकच ठेवायचा असेल तर ‘सामाजिक’.