शेंडीवाला चंडोल दिसला, तो मलबारी की सायक्सचा?

चिकोडीजवळच्या माळावर शेंडीवाला चंडोल पक्षी दिसला, पण फोटो मिळाला नाही. आता मलबारी आणि सायक्सचा या दोन जातींपैकी तो कोणता हे कसं ठरवायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी शेंडी डोक्यातून काढून टाका. ती दोघांनाही असते. छाती आणि पोट बघा. सायक्सच्या चंडोलाचं पोट तांबूस-बदामी असतं आणि छातीवर मोजक्याच, बारीक रेघा. मलबारीच्या छातीवर जाड, काळपट रेघा आणि खाली पोट पांढुरकं. सायक्सचा साधारण 14 सेंटिमीटर, मलबारी 16. पण दोघं शेजारी बसल्याशिवाय हा फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून मापावर जाऊ नका. आवाजावरही लगेच नको. सायक्सचा दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो.

मी बेळगावचा. जांबोटी-कणकुंबीकडे धो धो पाऊस आणि अथणीकडे कोरडा माळ, दोन्ही एकाच जिल्ह्यात. मलबारी घाटाकडचा, सायक्सचा दख्खनच्या कोरड्या माळाचा. ज्यांचं नाव त्याला मिळालं त्या ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल सायक्स यांनी 1832 मध्ये त्याचं वर्णन केलं तेही दख्खनच्याच पक्ष्यांच्या यादीत. पण मधल्या पट्ट्यात नुसत्या जागेवरून नाव लिहू नका. मी बरीच वर्षं खानापूर रस्त्यावरचा प्रत्येक शेंडीवाला 'मलबारी' म्हणून वहीत टाकला, छाती न बघता. त्या नोंदी आज मला वापरता येत नाहीत, आणि याचं फार वाईट वाटतं.

शेंडी दिसली नसती तर गोष्ट निराळी, मग चंडोलाच्या दुसऱ्या जाती बघायच्या. तांबूस शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असेल तर मुरारी. नराचं पोट काळं आणि डोकं राखी असेल तर डोंबारी. पंखात तांबूस रंग दिसला आणि पक्षी गात वर जाऊन पाय लोंबकळत खाली उतरला, तर झुडपी चंडोल.

पुन्हा जाल तेव्हा सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन जा आणि छातीच्या रेघा तिथंच वहीत काढा. मोबाइलवर आवाज वाजवून मात्र बोलावू नका. यांची घरटी उघड्या जमिनीवर, ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला असतात. चोचीत अळी धरून कुणी तुमच्याभोवती घुटमळत असेल तर घरटं जवळच आहे असं समजा आणि आल्या वाटेनंच, पायाखाली बघत मागे फिरा.