मशीन वाढवली तर प्रोग्रॅम स्लो झाला, असं कसं?

प्रश्न: सर, माझा एमटेकचा प्रोजेक्ट आहे, व्हिडिओ प्रोसेसिंगचा डेटाफ्लो ग्राफ लॅबमधल्या मशीनवर वाटून चालवायचा, म्हणजे प्रत्येक नोड एक काम, सगळे इनपुट आले की ते सुरू. शेड्युलर साधाच लिहिलाय, नोड रेडी झाला की जे मशीन मोकळं त्याला द्यायचा. 4 मशीनवर लागायचा त्यापेक्षा 8 वर जास्त वेळ लागतोय. गाईड म्हणतात कोडमध्ये बग असणार, आठवडा झाला शोधतोय, सापडत नाही.
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: अरे, बग शोधणं आधी थांबव आणि कागद-पेन घे. तुझ्या प्रत्येक मशीनची मेमरी वेगळी आहे, त्यामुळे एका नोडचं आउटपुट दुसऱ्या मशीनला हवं असेल तर ते वायरवरून पाठवावंच लागतं, आणि तुझ्या शेड्युलरला या पाठवण्याचा पत्ताच नाही. फुल एचडी फ्रेम म्हणजे 1920 गुणिले 1080, पिक्सेलला 3 बाइट, झाले साधारण 6.2 एमबी. लॅबचं नेटवर्क गिगाबिट इथरनेट धरलं तर सेकंदाला फार तर 125 एमबी, म्हणजे एक फ्रेम इकडची तिकडे जायला 50 मिलीसेकंद. आता ब्लरला, म्हणजे फ्रेम धूसर करणाऱ्या नोडला, समज 15 मिलीसेकंद लागतात. 15 च्या कामासाठी 50 चा प्रवास, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! 8 मशीन झाल्यावर मोकळं मशीन पटकन मिळतं, म्हणून फ्रेमची वारी आणखी वाढली.

गाईडना हेही सांग की पाठवण्याचा खर्च शून्य धरला तरी प्रोसेसर वाढवून वेळ वाढू शकतो, रोनाल्ड ग्रॅहम या गणितज्ञाने 1966 मध्येच दाखवून ठेवलंय.

आता 'मोकळं कोण' सोड, 'कोणाकडे आधी संपेल' ते बघ. 2002 ची हेफ्ट नावाची पद्धत आहे ती हेच करते. शेवटच्या नोडपासून मागे येत प्रत्येकाला रँक द्यायची, स्वतःचा वेळ अधिक पुढच्या नोडपर्यंत पाठवायचा वेळ अधिक त्या नोडची रँक, पुढे दोन-तीन फाटे असतील तर सगळ्यात मोठी बेरीज घ्यायची. मोठी रँक आधी, आणि ज्या मशीनवर डेटा पोचून काम सगळ्यात लवकर संपेल तिथे टाकायचं. ब्लर आणि त्याच्यापुढचं एज डिटेक्शन (चित्रातल्या कडा शोधणं) मग बहुतेक एकाच मशीनवर येऊन बसतात. बेस्ट शेड्युल मिळेलच असं नाही, प्रॉब्लेम एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे बेस्ट उत्तर झटपट काढायची पद्धत कोणालाच माहीत नाही, पण कामापुरतं चांगलं मिळतं.

ही डोकेदुखी जुनीच आहे बरं का, पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेचा 1991 चा परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर असाच होता, ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसर चिपचा, प्रत्येकीची मेमरी वेगळी, आणि प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला लिंक फक्त 4.

आणि खरं सांगू? तुझ्या फ्रेम एकमेकींवर अवलंबून नसतील तर ग्राफ तोडूच नको, पहिली फ्रेम अख्खी पहिल्या मशीनला, दुसरी दुसऱ्याला. फक्त सगळ्या कच्च्या फ्रेम एकाच मशीनच्या एकाच वायरीतून निघत असतील तर 50 मिलीसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला 20 च, मग 8 काय नि 80 काय. आधी जेपेग करून, म्हणजे फ्रेम दाबून छोटी करून, पाठव.