सही केलेला फॉर्म आणि मोडलेल्या बरगड्या

प्रश्न : आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. आई 79 वर्षांची, हाडे ठिसूळ, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. पाठदुखीसाठी म्हापशातील एका एजन्सीकडून घरी येऊन मालीश करण्याचे 15 दिवसांचे 12 हजारांचे पॅकेज घेतले. गोळ्यांची यादी मी एजन्सीला व्हॉट्सॲपवर आधीच पाठवली होती. चौथ्या दिवशी मालीश करणाऱ्या बाईने पाठीवर जोर दिला आणि आई कळवळली. एक्स-रेत दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या, पाठ काळीनिळी झाली. एजन्सी म्हणते, ‘रिस्क फॉर्म’वर तुमचीच सही आहे, उरलेल्या दिवसांचे पैसे घ्या आणि पावतीवर सही करा. ती बाई रडत म्हणाली, गोळ्यांचे मला कुणी सांगितलेच नाही. तिच्यावर पोलिसांत तक्रार देऊ का?

उत्तर : आधी ती पावती. पैसे घेण्यात गैर काही नाही, पण तिच्यावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ किंवा ‘यापुढे कोणताही दावा नाही’ अशी ओळ असेल तर सही करू नका. पैसे परस्पर खात्यात आले तर त्याच दिवशी कळवून टाका की ही फक्त न घेतलेल्या दिवसांची परतफेड आहे, भरपाईचा हक्क राखून ठेवला आहे. सहीचा मोह इथेच नडतो, कारण हातात आठ-नऊ हजार दिसतात आणि इस्पितळाची बिले अजून यायची असतात.

आता रिस्क फॉर्म. त्यावर सही तुमची आहे, आईची नाही. आई शुद्धीवर आहे, तिला बरे-वाईट कळते. तिच्या शरीराबाबतची संमती तिनेच द्यायची. मुलगा झालात म्हणून तिचे हक्क तुम्ही लिहून देऊ शकत नाही. आणि सही तिची असती तरी संमती असते ती नीट केलेल्या मालिशीला, त्यात जो थोडाफार धोका असतो त्याला. निष्काळजीपणाला आगाऊ माफी देणारा कागद म्हणून तो चालत नाही.

फक्त एक खाचखळगा आहे. ‘हा करारच अन्यायकारक ठरवा’ अशी मागणी केलीत तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ती जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जावे लागते. तुम्हाला त्याची गरज नाही. सेवेतील त्रुटी एवढाच मुद्दा धरा. त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणाही आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही.

एजन्सी दुसरा बचाव असा घेईल की बाई स्वतंत्र आहे, आम्ही फक्त गाठ घालून दिली. इथे जरा थांबून सांगतो, कारण अशा प्रकरणांचा निकाल बहुधा या मुद्द्यावर फिरतो. घरकामाला ठेवतो तशी एखादी बाई तुम्ही स्वतः पगारावर ठेवली असती, तर तो चाकरीचा करार ठरला असता आणि तो ग्राहक कायद्याच्या बाहेर आहे. आपल्याकडे बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या बायकांची तऱ्हा बरीचशी तीच. चाकरीचा करार वेगळा आणि सेवा पुरवण्याचा करार वेगळा, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात डॉक्टरांच्या संदर्भात स्पष्ट केला. तुमच्या बाबतीत पैसे कुणाच्या खात्यात गेले? वेळ कुणी ठरवली? एखाद्या दिवशी बाई आली नाही तर बदली कोण पाठवत होते? उत्तर ‘एजन्सी’ असेल तर सेवा एजन्सीची, आणि तिने पाठवलेल्या माणसाच्या चुकीची जबाबदारीही तिचीच. जाहिरातीत ‘थेरपिस्ट’ किंवा ‘फिजिओ’ असे शब्द असतील तर ती जपून ठेवा. जे कौशल्य आहे म्हणून सांगितले, त्याच मापाने त्यांना तोलले जाईल.

पोलिसांचे म्हणाल, तर हाड मोडणे ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ आहे. बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने ती झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार देण्याचा हक्क तुम्हाला आहे. तरी मी तुमच्या जागी असतो तर त्या बाईविरुद्ध दिली नसती. दया म्हणून नव्हे. ‘मला सांगितलेच नाही’ हे तिचे एक वाक्य तुमच्या व्हॉट्सॲप निरोपाशेजारी ठेवून पाहा : एजन्सीला माहीत होते आणि तिने ते पुढे पोचवले नाही. तुमचा सगळा खटला या दोन ओळींत आहे. उद्या ती आरोपी झाली की स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, आणि तिचा वकील तिला पहिल्यांदा गप्प बसायलाच सांगेल. आज ती रडतेय, तोवर तिचे प्रतिज्ञापत्र मिळते का पाहा. मात्र पैसे देऊन नको, धमकावून तर मुळीच नको.

तक्रार पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात करा. तक्रारदार आई; पैसे तुम्ही भरलेत म्हणून तुम्हीही. तक्रार जिल्हा आयोगाकडे की वरच्या, हे सेवेसाठी भरलेल्या रकमेवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही, आणि ती भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षे. भरपाई फुगवायला जाऊ नका. बिले, सोबतीला ठेवलेल्या बाईचा पगार आणि आईच्या यातनांची वाजवी रक्कम पुरे.

तुमची कच्ची बाजूही सांगतो. ‘ठिसूळ हाडे साध्या खोकल्यानेही मोडतात’ असे एजन्सी म्हणेल, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते खोटे नाही. म्हणून तपासलेल्या डॉक्टरांकडून दुखापत केव्हाची आणि कशाने झालेली दिसते, हे लेखी घ्या. इस्पितळाच्या पहिल्या केसपेपरवर ‘मालिशीनंतर दुखू लागले’ अशी नोंद असेल तर ती सोन्यासारखी. पाठीच्या डागांचे फोटो आजच काढा, आठवड्याभरात ते पिवळे पडून जातील. ज्या मोबाइलवरून यादी पाठवली तो विकू नका, त्यातले काही पुसू नका. आणि हाडांच्या आजाराचे एजन्सीला काही कळवले होते का? तुमच्या पत्रात फक्त गोळ्यांचा उल्लेख आहे. कळवले नसेल तर तक्रारीत तसेच लिहा. उलटतपासणीत ते बाहेर आले तर गोळ्यांचा खरा मुद्दाही लटका पडेल.