नॉर्वेच्या लोकसंगीतात बासरीवाले कोण आहेत? बासरीच्या जोरावर तिकडे कोणी संगीतकार झालाय का?

झालाय, पण आपल्याला वाटतं तसा नाही. मी हौशी बासरीवाला, त्यामुळे हा विषय निघाला की मी एकच नाव घेतो, आयविंद ग्रोवेन (१९०१–१९७७). तेलेमार्क भागातल्या लोरदालचा माणूस, आईच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या लोकसंगीत. हार्डान्गर फिडल, म्हणजे नॉर्वेचं व्हायोलिनसारखं लोकवाद्य, वाजवायचा आणि सोबत सेल्येफ्लॉयटे, म्हणजे विलोच्या सालीची बासरी. त्याची सगळी करिअर या दुसऱ्या वाद्यातून निघाली असं माझं मत आहे.

आधी ती बासरी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. हिला बोटांची भोकंच नसतात! वसंतात झाडात रस चढला की फांदीची साल अख्खी नळीसारखी सरकून निघते (आपण लहानपणी पपईच्या देठाची पिपाणी करायचो त्याचा थोरला भाऊ समजा), तिच्या एका टोकाजवळ फुंकायचं आणि दुसरं टोक बोटाने उघडझाप करायचं, बस. फुंकर वाढवली की स्वर वरवर उड्या मारतो, टोक बंद केलं की मधले राहिलेले स्वर मिळतात. साल सुकली की बासरी गेली, म्हणून आता बरेच जण प्लास्टिकच्या पाइपची वापरतात.

आता गंमत अशी की हे स्वर कोणी ठरवलेले नाहीत, नळीतली हवा ठरवते. सा, रे, ग, प आपल्या कानाला अगदी गोड लागतात, पण मध्यम येतो तो शुद्ध आणि तीव्र यांच्या बरोब्बर मधे कुठेतरी, कोमल निषाद नेहमीपेक्षा चांगलाच उतरलेला, आणि धैवत तर कोमल म्हणावा तर चढा, शुद्ध म्हणावा तर फारच उतरलेला. पियानोवर हे स्वर शोधून सापडत नाहीत. ग्रोवेनला दिसलं की गावातले म्हातारे गाताना, फिडल वाजवताना जे "बेसूर" वाटतात ते याच स्वरांवर जातायत. १९२७ मध्ये त्याने यावर पुस्तकच काढलं, "नातुरस्कालाएन", म्हणजे निसर्गाचं स्केल. जुनी नॉर्वेजियन स्केल्स या बासरीतूनच आली हे त्याचं म्हणणं पुढच्या सगळ्या अभ्यासकांना पटलेलं नाही, मलाही ते जरा ताणलेलं वाटतं, पण म्हातारे बेसूर नाहीत हे त्याने ठणकावून सांगितलं ते महत्त्वाचं.

मग पोटापाण्याचं काय? बासरीवर घर चाललं नाही. १९३१ पासून तो नॉर्वेच्या रेडिओत लोकसंगीताचं काम बघायचा, गावोगावच्या वादकांकडून हजाराहून जास्त चाली त्याने टिपून घेतल्या, १९४० पासून सरकारने कलाकार म्हणून मानधन सुरू केलं. संगीतरचना बऱ्यापैकी स्वतःच शिकलेला, तरी ओस्लो शहराच्या ९०० व्या वर्षासाठी १९५० मध्ये लिहिलेलं "ह्यालारल्योड" हे त्याचं ऑर्केस्ट्राचं काम तिकडे अजून वाजतं. ग्रोवेन ऐकायचा असेल तर सुरुवात या रचनेपासूनच करा.

पण माणूस खरा वेडा होता तो ट्युनिंगच्या बाबतीत. कीबोर्डवरचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तानपुऱ्यासोबत पेटी वाजवून बघा, खुपतं ते हेच. ग्रोवेनने यावर उपाय म्हणून एका सप्तकात ३६ स्वर असलेलं ऑर्गन बनवलं, पट्ट्या मात्र नेहमीच्या १२ च. तुम्ही कोणता कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) दाबलाय ते बघून टेलिफोन एक्स्चेंजमधल्यासारखे रिले, म्हणजे आपोआप चालणारे विजेचे स्विच, त्यातला योग्य स्वर निवडायचे, वादकाने काही करायचं नाही! १९६५ पर्यंत त्याचं इलेक्ट्रॉनिक मॉडेलही झालं. आपल्याकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली ना, दुखणं तेच, फक्त ओकांच्या पेटीत श्रुती वादक स्वतः खुंटी ओढून निवडतो. दोघांची भेट झाली असती तर रात्रभर उठले नसते.

आज तिकडे कोणाला हे शिकायचं असेल तर ओस्लोच्या संगीत अकादमीत किंवा तेलेमार्कमध्येच लोकसंगीत रीतसर शिकता येतं, पण मान फिडलचा, बासरी बहुतेक जण जोडीला वाजवतात.

तुम्ही स्वतः बासरी वाजवत असाल तर एक करून बघा. मी हार्डवेअरच्या दुकानातून वायरिंगचा पाइप आणला, दोन हात लांब वगैरे नको, साठेक सेंटीमीटर पुरतो, तोंडाशी बुच बसवून फुंकीची फट ठेवली आणि जवळ एक चौकोनी खिडकी कापली. दोन पाइप वाया गेले, तिसरा वाजला. तो अधांतरी मध्यम पहिल्यांदा आला तेव्हा बायको आतून ओरडली, अहो चुकतंय!