अनंताच्या झाडाभोवती भरदिवसा फिरणारी पारदर्शक पंखांची ‘गांधीलमाशी’ डंख मारते का?

हिरवट-पिवळे जाडसर अंग, पोटावर तांबूस पट्टा, शेपटीला काळा झुपका आणि फुलावर न बसता हवेत एका जागी थांबून मध पिण्याची सवय, या आपण सांगितलेल्या खुणांवरून तो सेफोनोडिस हायलस हा स्फिंक्स कुळातील पतंग असावा, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. तो डंख मारत नाही, मारूही शकत नाही. गांधीलमाशीची नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचेच बदललेले रूप असते (त्यामुळे नर गांधीलमाशीलाही नांगी नसते), आणि पतंगांमध्ये तसली नांगी नसतेच.

पंखांची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. कोषातून बाहेर पडताना या पतंगाच्या पंखांवर इतर पतंगांप्रमाणेच करड्या रंगाचे खवले असतात. पंख वाळल्यावर तो ते जोराने फडफडवतो, तेव्हा बहुतेक खवले झडून जातात आणि खालचा नितळ पडदा उघडा पडतो. त्या पडद्यावर सूक्ष्मदर्शकातूनच दिसतील असे असंख्य बारीक उंचवटे असून त्यांच्यामुळे प्रकाशाचे परावर्तन कमी होते, म्हणून पंख चमकत नाहीत आणि उडताना तर जवळजवळ दिसतच नाहीत.

गांधीलमाशीसारखे दिसणे हे या पतंगाचे सोंगच आहे. निरुपद्रवी जीवाने उपद्रवी जीवाचे रूप घेऊन बचाव साधण्याच्या या प्रकाराची मीमांसा इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांच्या आधारे 1862 मध्ये मांडली. एकदा नांगीचा प्रसाद मिळालेला पक्षी तशा दिसणाऱ्या कीटकाच्या वाटेला सहसा जात नाही, आणि दिवसा उडणाऱ्या पतंगाला पक्ष्यांचेच भय अधिक असते. माझ्या मते हे सोंग मात्र फार बारकाईचे नाही; गांधीलमाशीची बारीक कंबर याला नाही, आणि अंगलट तर मधमाशीकडेच अधिक झुकते. तरी झेप घ्यावी की नाही हे ठरवताना पक्ष्याला क्षणभर शंका आली, तरी पतंगाचा जीव वाचू शकतो. (याच कुळातील सॅटास्पिस पतंग लाकूड पोखरणाऱ्या काळ्या भुंग्याची नक्कल करतात, आणि ती मला कितीतरी सरस वाटते.)

पुढच्या वेळी सोंड पाहावी. पतंग लांब, गुंडाळता येणारी सोंड फुलात घालून समोर तरंगत राहतो. गांधीलमाशीला तशी सोंड नसते आणि ती बहुधा फुलावर उतरते.

तो अनंताभोवती घुटमळत होता याचे कारण बहुधा केवळ मध नसावे. अनंत, कॉफी, गेळ अशा एकाच कुळातील झाडांची पाने हे त्याच्या सुरवंटांचे खाद्य असल्याने मादी तिथे अंडी घालते. शेपटीवर शिंगासारखा काटा असलेले हिरवे सुरवंट पानांवर दिसले, तर तो काटा टोचणारा नसतो, हे ध्यानात असू द्यावे. मात्र ते खादाड असतात आणि लहान रोपाची पाने संपवू शकतात. तसे होत असेल तर फवारणी करण्यापेक्षा त्यांना हाताने उचलून एखाद्या मोठ्या अनंतावर सोडावे.